लहान जनरेटर का घेतला



धडगाव भागातील आपल्या मुलींच्या वसतिगृहासाठी आणि त्याला लागून असलेल्या दवाखान्यासाठी जनरेटर घ्यायचा आहे, असे आवाहन मागच्या अंकात छापले होते. आपण मनापासून दिले. देवाचे आणि आपले आभार. हिशोब नेहमीप्रमाणे शेवटच्या पानावर आहे. तो वाचून काहींच्या मनात एक प्रश्न येईल. काहींनी तो पत्राने विचारलाही आहे. "एवढी रक्कम जमली होती, तर पाच केव्हीएचे दणकट मशीन सोडून हे पेटीएवढे मशीन कशाला घेतले?" आणखी एक पत्र वेगळ्याच कारणाने आले. पुण्याच्या एका भगिनीच्या सासूबाई घरी ऑक्सिजनच्या यंत्रावर आहेत. लाइट गेली की घरातल्या सगळ्यांचा जीव टांगणीला लागतो. घरासाठी कोणता जनरेटर घ्यावा, असे त्यांनी विचारले आहे.

संपादकांनी दोन्ही पत्रे माझ्याकडे पाठवली आणि तुम्हीच उत्तर लिहा म्हणाले. मी विजेचा तज्ज्ञ नाही. वसतिगृहाचा हिशोब आणि डागडुजी माझ्याकडे असते, एवढेच. पण या खरेदीसाठी बरीच विचारपूस केली, शहाद्यापासून नाशिकपर्यंतच्या मिस्त्रींचे डोके खाल्ले, आणि त्याआधी एक मोठी चूकही केली. लूककृत शुभवर्तमानाच्या १४ व्या अध्यायात बुरूज बांधण्याआधी खाली बसून खर्च मोजणाऱ्या माणसाचा दाखला आहे. आम्ही खाली बसून मोजले खरे, पण चूक झाल्यानंतर. म्हणून आधी ती सांगतो.

गेल्या पावसाळ्यात चांदसैली घाटात दरड आली आणि रस्ता बंद झाला. झाडे पडून विजेची लाइनही गेली होती, तो तिसरा दिवस. एका पाड्यावरून चार वर्षांचा मुलगा न्यूमोनिया होऊन दवाखान्यात आला होता. एरवी सिस्टरांनी त्याला त्याच संध्याकाळी नंदुरबारला पाठवले असते. रस्ताच नाही म्हटल्यावर त्यांनी त्याला ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरवर ठेवले. हे यंत्र खोलीतल्या हवेतून ऑक्सिजन वेगळा करून देते, त्याला सिलिंडर लागत नाही, पण वीज लागते. दवाखान्याची बॅटरी तीन तासांच्या आत उतरली. आमच्याकडे जुना पेट्रोल जनरेटर होता. दोरी ओढून ओढून माझे आणि रखवालदारमामांचे खांदे भरून आले, पण तो चालू होईना. त्याच्या टाकीत मागच्या पावसाळ्यातले पेट्रोल होते. शेवटी रस्त्याच्या कामावरच्या मुकादमाकडून एक मशीन उसने आणले.

पाऊस कोसळत होता. मशीन भिजू नये म्हणून मी ते मागच्या व्हरांड्यात ठेवायला सांगितले. त्या व्हरांड्यावर मुलींच्या खोलीची खिडकी आहे. आवाज नको म्हणून खिडकी लावून घेतली. वरचा झरोका उघडा राहिला, तिकडे कोणाचे लक्ष गेले नाही.

रात्री तीनच्या सुमारास एक मुलगी उलटी करत बाहेर आली. मग दुसरी डोके धरून उठली, तिसरीला उभे राहता येईना. सिस्टरांनी बोटाला ऑक्सिमीटर लावला, तर आकडा ९८. म्हणजे सगळे ठीक. सिस्टर क्षणभर त्या आकड्याकडे बघत राहिल्या आणि एकदम म्हणाल्या, "सर, आधी मशीन बंद करा. सगळ्या मुलींना बाहेर काढा." अडतीस मुलींना आम्ही अंथरुणासकट पुढच्या बाजूला, उपासनेच्या खोलीत नेले, दारे-खिडक्या सताड उघडी ठेवली. मुलासाठी सिस्टरांनी ऑक्सिजनचा सिलिंडर जोडला, तो त्यांनी अशाच वेळेसाठी राखून ठेवला होता. सकाळपर्यंत मुली बऱ्या झाल्या. मुलगाही दोन दिवसांनी घाट उघडल्यावर नंदुरबारला गेला आणि बरा होऊन घरी परतला.

झाले होते असे. इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू असतो. त्याला वास नाही, रंग नाही. तो रक्तात ऑक्सिजनची जागा घेतो. आणि साध्या ऑक्सिमीटरला त्या दोहोंतला फरक कळत नाही, म्हणून माणूस गुदमरत असतानाही आकडा चांगला दिसतो. हे सिस्टरांना माहीत होते, मला नव्हते. झोपेत हा वायू गेला तर माणूस जागा होतोच असे नाही. ती पहिली मुलगी उठली, ही देवाची दया. व्हरांडा मात्र मी निवडला होता.

यानंतर आम्ही निवडीला बसलो.

आधी एका शब्दाचा घोळ मिटवतो. आपल्याकडे इन्व्हर्टर म्हटले की जिन्याखाली ठेवलेली बॅटरीची पेटी डोळ्यांसमोर येते. इन्व्हर्टर जनरेटर ही वेगळी वस्तू आहे. त्यात इंजिन असते, पेट्रोल किंवा गॅस लागतो. साध्या जनरेटरचे इंजिन बहुधा मिनिटाला ३,००० फेऱ्यांनी फिरत राहावे लागते, कारण आपल्या विजेची ५० हर्ट्झची लय त्या फेऱ्यांवरच ठरते. तुम्ही एक दिवा लावा की दहा, ते तेवढेच धावते, तेवढेच ओरडते. इन्व्हर्टर जनरेटर इंजिनाची वीज आधी एकदिश करतो आणि आतल्या इलेक्ट्रॉनिक भागातून ती पुन्हा ५० हर्ट्झची, स्वच्छ लाटेची करून देतो. त्यामुळे इंजिनाला फेऱ्यांचे बंधन राहत नाही. भार कमी असला की ते हळू चालते, कमी पिते, कमी आवाज करते. शिवाय वीज स्वच्छ असते. कॉन्सन्ट्रेटर, संगणक, बॅटरीचा इन्व्हर्टर या नाजूक वस्तू खडबडीत विजेवर कुरकुर करतात. उसन्या मशीनवर आमचा बॅटरी इन्व्हर्टर चार्जच घेत नव्हता, त्याचे कारण बहुतेक हेच असावे.

आता आकाराचा प्रश्न. पहिल्या बैठकीत आम्ही जी यादी केली तिच्यावर सगळेच होते : विहिरीवरचा एक अश्वशक्तीचा पंप, सगळ्या खोल्यांचे पंखे, स्वयंपाकघरातला मिक्सर, इस्त्री, दवाखान्याचा फ्रिज, कॉन्सन्ट्रेटर, नवजात बाळांचा वॉर्मर. त्या यादीला पाच केव्हीएही अपुरेच पडले असते. मग सिस्टरांनी कागद पुढे ओढला आणि वर लिहिले, "आज रात्री काय बंद पडले तर जीव जाईल?" याच प्रश्नाने आमची खरेदी ठरली.

पंप पहिला गेला. मोटारीचे दुखणे असे की सुरू होताना ती चालू भाराच्या तीन ते सहा पट वीज खेचते. एक अश्वशक्तीचा पंप चालताना साधारण १,००० वॅट घेतो, पण सुरू होताना क्षणभर ३,००० हून जास्त मागतो. त्या एका क्षणासाठी तिप्पट मोठे मशीन घ्यायचे आणि वर्षभर त्याचे पोट भरायचे. त्यापेक्षा आभाळ भरून आले की छतावरची टाकी काठोकाठ भरून ठेवायची, हे काम मुलींनीच अंगावर घेतले. वॉर्मर गेला, कारण सिस्टर म्हणाल्या की अशा रात्री बाळ आईच्या उघड्या छातीशी धरून वरून पांघरूण घालायचे. कमी वजनाच्या बाळांसाठी जागतिक आरोग्य संघटनाही हीच पद्धत सांगते. सर्पदंशाच्या औषधामुळे मोठा फ्रिज हवा असे मला वाटत होते. तिथेही मी चुकलो. हे औषध दोन प्रकारांत येते. द्रवरूप औषध २ ते ८ अंश तापमानात ठेवावे लागते, भुकटीच्या रूपातले मात्र फ्रिजशिवाय टिकते. आम्ही भुकटीचे घ्यायचे ठरवले. फ्रिज लागतोच, पण प्रसूतीनंतरच्या रक्तस्रावावरचे ऑक्सिटोसिन, इन्शुलिन एवढ्यासाठी लहान पुरतो. लसी सरकारी आरोग्य केंद्रातून त्या-त्या दिवशी येतात.

उरले ते असे. कॉन्सन्ट्रेटर ३५० वॅट, लहान फ्रिज १२०, वाफाऱ्याचे नेब्युलायझर १५०, नऊ वॅटचे दहा दिवे म्हणजे ९०, दोन पंखे १५०, मोबाइल चार्जिंग वगैरे ६०. बेरीज ९२०. फ्रिज सुरू होताना पाचपट ओढतो असे धरले तर क्षणभर आणखी ४८० लागतील. म्हणजे सर्वात वाईट क्षणी १,४०० वॅट. हा आकडा हातात आल्यावर दुकानदाराशी बोलणे सोपे झाले.

दुकानात जाताना दोन गोष्टी लक्षात ठेवा. पेटीवर मोठ्या अक्षरांत लिहिलेला आकडा बहुधा क्षणभराच्या जास्तीत जास्त क्षमतेचा असतो. सतत चालवायची क्षमता वेगळी असते आणि ती बारीक अक्षरांत छापलेली असते, तीच विचारा. दुसरे, केव्हीए म्हणजे किलोवॅट नव्हे. काही मशीनवर एक केव्हीए म्हणजे हाती ८०० वॅटच येतात. गॅसवर चालवले की शक्ती पेट्रोलपेक्षा साधारण दहा टक्के कमी पडते, हेही दुकानदार आपणहून सांगत नाही. उंचावर हवा विरळ असते, तिथेही इंजिन दमते. आमच्याच तालुक्यातले तोरणमाळ हजार मीटरहून उंच आहे. तिथे मशीन न्यायचे झाले तर दहा टक्क्यांहून जास्त घट धरावी लागेल. आम्ही घेतलेले मशीन पेट्रोलवर सतत १,८०० वॅट देते, गॅसवर सुमारे १,६००. आमच्या १,४०० ला ते पुरते. वजन पंचवीस किलोच्या आत आहे, सिस्टर आणि मामा दोघे मिळून ते उचलतात. पाच केव्हीएचे मशीन त्यांच्याने हललेही नसते, आणि रात्री तीन वाजता मी तिथे असेनच असे नाही.

आता दोन इंधनांची गोष्ट. खरे म्हणजे निवड इथेच अडते, आणि लोक इथेच सर्वात कमी विचार करतात.

आमचा जुना जनरेटर का दगावला? पेट्रोल शिळे होते. काही महिने पडून राहिले की त्यातला हलका भाग उडून जातो आणि उरलेल्याचा चिकट थर कार्बोरेटरच्या बारीक भोकांत बसतो. आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेले असते आणि इथेनॉल हवेतले पाणी ओढून घेते. आमच्या पावसाळी हवेत तर विचारायलाच नको. दहा कुमारींच्या दाखल्यात पाच जणींजवळ तेल नव्हते. आमच्याजवळ तेल होते, पण ते जळणारे नव्हते. जे मशीन वर्षातून आठ-दहा रात्रीच लागते, त्याच्यासाठी हा दोष लहान नाही.

स्वयंपाकाचा गॅस म्हणजे एलपीजी सिलिंडरमध्ये वर्षानुवर्षे तसाच राहतो. तो कार्बोरेटरमध्ये थर धरत नाही, सांडत नाही. म्हणून आमचे मुख्य इंधन गॅस आहे आणि पेट्रोल राखीव. पण गॅसवरच सगळा भरवसा ठेवला आणि घाट बंद होऊन गाडी आली नाही, तर? तेव्हा कोणाच्या तरी मोटारसायकलमधून दोन लिटर पेट्रोल मिळू शकते. दोन इंधनांच्या मशीनला जास्त पैसे मोजले ते याचसाठी.

सिलिंडर कोणता, यावर मात्र आमच्यात खरी चर्चा झाली. घरोघरी असतो तो १४.२ किलोचा लाल सिलिंडर घरातल्या स्वयंपाकासाठीच आहे. सन २००० च्या एलपीजी पुरवठा आदेशानुसार तो दुसऱ्या कामाला वापरता येत नाही, जनरेटरला तर नाहीच, मग तो जनरेटर तुमच्या स्वतःच्या घरातला का असेना. एका हितचिंतकांनी प्रेमाने दोन लाल टाक्या देऊ केल्या होत्या. त्यांना हे माहीत नव्हते. आम्ही आभार मानून नको म्हटले. पण आमच्याच बैठकीत एक सूचना आली, ती मला आजही टोचते. पाड्यांवरच्या कितीतरी बायांना २०१६ पासूनच्या उज्ज्वला योजनेत जोडणी मिळाली आहे. पुन्हा भरून घेणे परवडत नाही म्हणून अनेकींच्या टाक्या कोपऱ्यात रिकाम्या पडलेल्या असतात आणि चूल पेटते ती लाकडावर. सूचना अशी की त्यांच्या नावावर आपण पैसे भरून टाक्या घ्याव्यात. स्वस्त पडेल, त्यांनाही चार पैसे मिळतील. बोलणाऱ्याचा हेतू वाईट नव्हता. यावर सिस्टर एवढेच म्हणाल्या, "त्या बायांच्या छातीतल्या धुराला औषध मीच देते." विषय तिथेच संपला. आम्ही १९ किलोचा निळा व्यावसायिक सिलिंडर घेतो, पावतीसह. तो महाग पडतो. हिशोबात ती ओळ आपल्याला दिसेल, म्हणून हे सविस्तर लिहिले.

किती पुरतो? एक किलो गॅसमधली उष्णता दीड लिटरपेक्षा थोड्या कमी पेट्रोलएवढी असते. या आकाराचे मशीन पूर्ण भारावर तासाला एक लिटरहून थोडे जास्त पेट्रोल पिते. त्या हिशोबाने १९ किलोचा सिलिंडर पूर्ण भारावर चोवीस-पंचवीस तास जावा, आणि दिवे, फ्रिज व कॉन्सन्ट्रेटर एवढेच असेल तर दुपटीहून जास्त. सिलिंडर उभाच ठेवायचा. आडवा केला तर वायूऐवजी द्रव बाहेर येतो. थंडीच्या रात्री जोरात गॅस ओढला की लहान सिलिंडर गार पडतो, त्याच्यावर दव धरते आणि दाब उतरतो. पाच किलोची छोटी टाकी म्हणून आम्ही घेतली नाही. गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर जमिनीलगत साचतो. त्यामुळे जवळ खड्डा, गटार किंवा तळघर नको.

राखीव पेट्रोलचेही थोडे सांगतो. १९३४ च्या पेट्रोलियम कायद्याप्रमाणे विक्रीसाठी नसलेले ३० लिटरपर्यंतचे पेट्रोल परवान्याशिवाय ठेवता येते, पण ते घट्ट बुचाच्या धातूच्या डब्यात, आणि एका डब्यात २५ लिटरपेक्षा जास्त नाही. प्लास्टिकचा कॅन त्यात बसत नाही. आम्ही पाचच लिटर ठेवतो. दोन महिन्यांनी ते वसतिगृहाच्या मोटारसायकलमध्ये ओततो आणि नवे आणतो. जनरेटरची टाकी कोरडी असते.

साध्या पेट्रोल जनरेटरला बाहेरून गॅसची किट बसवून देणारे मिस्त्री मिळतात. हुशार असतात, स्वस्तातही करून देतात. मी ते घेणार नाही. कारखान्यातूनच दोन्ही इंधनांसाठी तयार झालेले, केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या मान्यतेचे लेबल असलेले आणि आपल्या जिल्ह्यात किंवा शेजारच्या जिल्ह्यात सुटे भाग मिळतील असेच मशीन घ्या. परदेशी मशीन पाहून हुरळून जाऊ नका. अमेरिकेतल्या एका मराठी कुटुंबाने आमच्यासाठी तिकडचे नवे मशीन पाठवायची तयारी दाखवली होती. त्यांचे प्रेम मोठे. पण तिथली घरगुती वीज १२० व्होल्ट, ६० हर्ट्झची. आपली २३० व्होल्ट, ५० हर्ट्झची. तिकडचे मशीन आपल्या फ्रिजला चालत नाही. त्यांनी मग मशीनऐवजी रक्कम पाठवली.

आता मशीन कुठे आहे ते सांगतो. इमारतीपासून वीस पावलांवर, दारे-खिडक्यांपासून दूर, चार खांबांवर पत्र्याचे छप्पर टाकून, चारही बाजू मोकळ्या ठेवून. तज्ज्ञ निदान सहा मीटर अंतर सांगतात. आम्ही त्याच्या दुप्पट ठेवले. धुराचे तोंड शेताकडे. गॅसवर चालवले तरी कार्बन मोनॉक्साइड निघतोच, "गॅस म्हणजे स्वच्छ" या समजुतीवर कोणी मशीन आत आणू नये. मुलींच्या खोलीत आणि दवाखान्यात या वायूची सूचना देणारे, सेलवर चालणारे छोटे यंत्र एकेक लावले आहे. त्याचा खर्च जनरेटरच्या मानाने किरकोळ आहे. घरात बजेट कमी पडले तर मशीन थोडे लहान घ्या, पण ते यंत्र वगळू नका.

आणि जोडणी. काही जण दोन्ही टोकांना पिना असलेली वायर करून जनरेटरची वीज भिंतीतल्या सॉकेटमधून घरात सोडतात. मेन स्विच बंद करायचा राहिला, की ती वीज उलटी बाहेर जाते, डीपीत शिरते आणि तिथे चढून ११,००० व्होल्टची होते. लाइन मेलेली आहे असे समजून पोलवर चढलेल्या वायरमनला ती लागते. आमच्याकडे पोलवर चढणारा पोरगा बहुतेक वेळा शेजारच्याच पाड्यावरचा असतो. त्यामुळे आम्ही परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून फेज व न्यूट्रल दोन्ही तोडणारा चेंजओव्हर स्विच बसवून घेतला आणि अर्थिंग नवे केले. आता एका वेळी लाइन तरी असते नाहीतर जनरेटर तरी. दोन्ही एकत्र येऊच शकत नाहीत.

मशीनची निगा मोठ्या मुलींकडे आहे. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी दोघी जणी ऑइल बघतात, गॅसवर मशीन चालू करतात, फ्रिज आणि पंखे लावून वीस मिनिटे चालवतात आणि वहीत लिहितात. रिकामे चालवून काही कळत नाही, भार द्यावाच लागतो. नव्या इंजिनाचे पहिले ऑइल २० तासांनी बदलायचे, पुढे दर १०० तासांनी किंवा सहा महिन्यांनी. दहावीतल्या एका मुलीने सांगितले की तिला आता आयटीआयला इलेक्ट्रिशियन व्हायचे आहे. तिच्या वडिलांना हे पटवायचे आहे, ते काम माझ्याकडे आले आहे.

पुण्याच्या भगिनींना मात्र वेगळे उत्तर द्यावे लागेल. त्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहतात. ताई, फ्लॅटच्या बाल्कनीत जनरेटर कृपा करून लावू नका, कितीही लहान आणि कितीही चांगला असला तरी. धूर तुमच्याच घरात येईल, नाहीतर वरच्यांच्या. तुमच्यासाठी बॅटरीचा इन्व्हर्टरच बरा. १५० अँपिअर-तासांच्या दोन बॅटऱ्यांत नावाला ३,६०० वॅट-तास असतात. बॅटरी टिकावी म्हणून निम्म्याच वापरायच्या आणि थोडी घट धरायची, तर कॉन्सन्ट्रेटर साडेतीन-चार तास चालेल. त्याच्या पलीकडच्या वेळेसाठी ऑक्सिजनचा बी टाइप सिलिंडर घरी भरून ठेवा. त्यात सुमारे १,५०० लिटर ऑक्सिजन असतो, मिनिटाला दोन लिटरने तो बारा तास पुरतो. किती लिटर द्यायचा ते तुमच्या डॉक्टरांकडून लिहून घ्या, आणि सिलिंडर कसा उघडायचा ते घरातल्या दोघांना तरी शिकवून ठेवा. ज्यांचे स्वतंत्र घर आणि मोकळे अंगण आहे त्यांनी वरच्या रीतीने आपली यादी करावी. बहुतेकांना आमच्याएवढे किंवा आमच्याहूनही लहान मशीन पुरेल.

या जूनमध्ये पहिली खरी परीक्षा झाली. संध्याकाळी ७.४० ला वीज गेली ती दुसऱ्या दिवशी दुपारी २.१५ ला आली. दवाखान्यात दम्याचे एक आजोबा आणि आदल्याच दिवशी बाळंत झालेली एक पावरा मुलगी होती. आधी बॅटरी, मग मशीन, मध्ये दोनदा विश्रांती देऊन एकूण ११ तास. मामांनी सकाळी सिलिंडर काट्यावर टांगला : ३ किलो ४०० ग्रॅम कमी भरला. वहीत मुलींनी त्याखाली लिहिले आहे, "खिडक्या उघड्या होत्या. कोणाचे डोके दुखले नाही."

आपल्या प्रार्थनेत आमची आठवण ठेवा, विशेषतः घाटातून रुग्ण नेणाऱ्या चालकांची. शेडचे दोन पत्रे अजून बसायचे आहेत, ते या आठवड्यात होईल.